पायथन लायब्ररींचा लॉग आवरताना: आधी बोलणारा शोधा, मग आवाज कमी करा

आपण स्क्रिप्टमध्ये चार ओळी लॉग केलेल्या असतात आणि टर्मिनलवर चारशे येतात, कुठलं कनेक्शन उघडलं, कुठला फॉन्ट शोधला, पीएनजी फाइलीचा कुठला तुकडा वाचला, सगळं. त्यात आपली ओळ कुठेय हे बघायला परत सर्च मारायचा. मग बहुतेक जण नेटवर मिळालेली एक ओळ फाइलीत वर चिकटवतात, ती चालली नाही की दुसरी चिकटवतात, आणि शेवटी एखादी अशी चालते की सगळंच गप्प होतं, खऱ्या एररसकट. नवीन मुलांच्या कोडमध्ये हे सारखं दिसतं आणि दहा वर्षं काम केलेल्यांच्या कोडमध्येही दिसतं, म्हणून हे एकदा क्रमाने लिहून काढतोय. क्रमाने अशासाठी की चुकणाऱ्यांची ओळ बऱ्याचदा बरोबरच असते, तिची जागा किंवा वेळ चुकलेली असते.

## सुरू करायच्या आधी

दोन गोष्टी करून ठेवा. एक, जो पसारा नकोय तो दाखवणारी छोटीशी फाइल बनवा, दहा-पंधरा ओळींची, ज्यात ती लायब्ररी इम्पोर्ट होते आणि एकच काम करते. अख्ख्या प्रोजेक्टवर प्रयोग केलेत तर कुठल्या बदलाने काय झालं ते कळणार नाही. दोन, आत्ताचं सगळं आउटपुट एका फाइलीत साठवून ठेवा, नंतर ताडून बघायला लागेल.

कोडमधली नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिलीयत. टाइप करताना एक लक्षात ठेवा, लॉगिंग मॉड्यूल जुनं आहे, ते पायथन २.३ मध्ये आलं, आणि त्यातल्या फंक्शनांच्या नावात मधलं अक्षर कॅपिटल असतं. गेटलॉगरमधला दुसरा शब्द कॅपिटलने सुरू होतो, सेटलेव्हलमधलाही, बेसिककॉन्फिगमधलाही. बाकी पायथनसारखा अंडरस्कोर तिथे नाही.

आणि तीन शब्द पक्के करा, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. लॉगर म्हणजे बोलणारा, त्याला नाव असतं. हँडलर म्हणजे ते बोलणं स्क्रीनवर किंवा फाइलीत पोचवणारा. लेव्हल म्हणजे बोलण्याचं महत्त्व: डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५०. लॉगरलाही लेव्हल असते आणि हँडलरलाही वेगळी असते, अर्धा गोंधळ इथूनच सुरू होतो. लेव्हल न दिलेल्या लॉगरची लेव्हल ० असते, म्हणजे "मला काही सांगितलेलं नाही, वरच्याला विचारा". सगळ्यात वर रूट लॉगर, त्याची मूळ लेव्हल वॉर्निंग.

## टप्पा १: ओळ कुठल्या रस्त्याने येतेय ते बघा

टर्मिनलवर दिसणारी प्रत्येक ओळ लॉगिंगमधून आलेली नसते. रस्ते चार आहेत: लॉगिंग मॉड्यूल, वॉर्निंग्ज मॉड्यूल, साधा प्रिंट (प्रोग्रेस बार यातच धरा), आणि चौथा म्हणजे पायथनच्या खाली असलेला सी प्लस प्लस किंवा जावाचा कोड, जो पायथनला न विचारता थेट लिहितो. रस्ता न ओळखता लेव्हल बदलत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

ओळखायचं कसं, तर छोट्या फाइलीत सगळ्यात वर बेसिककॉन्फिग (लॉगिंगची प्राथमिक मांडणी करणारं फंक्शन) बोलवा, लेव्हल प्रोजेक्टमध्ये आहे तीच ठेवा, आणि फॉरमॅटमध्ये तीन गोष्टी टाका, लेव्हलनेम, नेम आणि मेसेज. नेम हवंच. सुरुवातीला मिळणाऱ्या बहुतेक उदाहरणांत फक्त वेळ आणि मेसेज असतो आणि मग कोण बोललं ते कधीच कळत नाही. आता चालवून बघा.

ओळ तुमच्या नव्या फॉरमॅटमध्ये आली तर ती लॉगिंगमधून रूटपर्यंत येतेय, सोपं काम. जुन्याच रूपात आली तर एकतर लायब्ररीने स्वतःचा हँडलर लावलाय (टप्पा ५) किंवा ती लॉगिंग नाहीच (टप्पा ६). फाइलचा पाथ, कोलन, लाइन नंबर आणि मग युजरवॉर्निंग किंवा फ्यूचरवॉर्निंग असा शब्द, असं रूप असेल तर ते वॉर्निंग्ज मॉड्यूल. एकाच ओळीवर आकडा पळत असेल तर प्रोग्रेस बार.

शंका राहिली तर स्टँडर्ड एरर वेगळ्या फाइलीत वळवून बघा. लॉगिंगचा साधा हँडलर डीफॉल्टने स्टँडर्ड एररवर लिहितो, प्रिंट स्टँडर्ड आउटपुटवर. प्रोग्रेस बारही बहुधा एररवरच जातो, तेवढं ध्यानात ठेवा.

थांबा: हा प्रयोग करताना बेसिककॉन्फिगचा काहीच परिणाम दिसत नसेल तर बहुतेक रूटवर आधीच कोणीतरी हँडलर लावलाय. रूटवर हँडलर असेल तर बेसिककॉन्फिग गुपचूप परत फिरतं, एररही देत नाही. नोटबुकमध्ये हे फार होतं. आणखी एक कारण म्हणजे लॉगिंग डॉट इन्फो अशी थेट मॉड्यूलवरची फंक्शनं, ती हँडलर नसेल तर स्वतःच बेसिककॉन्फिग बोलावून मोकळी होतात, मग तुमचं खरं कॉन्फिग उशिरा पोचतं. पायथन ३.८ पासून बेसिककॉन्फिगला फोर्स इक्वल ट्रू देता येतं, ते जुने हँडलर काढून नवे लावतं.

## टप्पा २: बोलणाऱ्याचं खरं नाव लिहून घ्या

नाव अंदाजाने लिहू नका. गेटलॉगर तुम्ही द्याल ते नाव घेतो, तसा लॉगर नसेल तर नवीन बनवून देतो आणि तक्रार करत नाही. म्हणजे एक अक्षर चुकलं, कॅपिटलचं स्मॉल झालं, की तुम्ही कोणीच वापरत नसलेल्या लॉगरची लेव्हल बदलून बसता आणि "चालत नाहीये" म्हणून वैतागता. माझ्या पाहण्यातल्या चुकांमध्ये ही सगळ्यात जास्त वेळा येते.

इन्स्टॉल करतानाचं नाव आणि लॉगरचं नाव एक असेलच असं नाही:

- रिक्वेस्ट्स वापरताना जी कनेक्शनची बडबड दिसते ती युआरएललिब३ची असते. जुन्या लेखांमध्ये "रिक्वेस्ट्स डॉट पॅकेजेस डॉट युआरएललिब३" असं नाव सापडेल, ते फार जुन्या व्हर्जनचं आहे, आता त्याचा उपयोग नाही.
- पिलो ही लायब्ररी पीआयएल नावाने बोलते, तिन्ही अक्षरं कॅपिटल.
- बोटो३ इम्पोर्ट करता पण बडबड बोटोकोरची आणि एसथ्रीट्रान्सफरची असते, शिवाय खाली युआरएललिब३ आहेच.
- पायस्पार्कमध्ये पायफोरजे बोलतं.
- नवे एपीआय क्लायंट बऱ्याचदा आतून एचटीटीपीएक्स वापरतात, आणि तो प्रत्येक रिक्वेस्टला इन्फो लेव्हलची एक ओळ देतो. डीबग चालू नसतानाही ओळी येतात त्या याच्या.
- मॅटप्लॉटलिबचा पसारा बहुतेक सगळा त्याच्या फॉन्ट मॅनेजरचा.

यादी पाठ करायची गरज नाही. टप्पा १ मध्ये नेम छापलंय ना, तेच नाव उचला. किंवा इम्पोर्ट झाल्यावर लॉगिंग डॉट रूट डॉट मॅनेजर डॉट लॉगरडिक्ट याच्या किल्ल्या सॉर्ट करून छापा, आत्तापर्यंत तयार झालेली सगळी नावं दिसतात. काही नावांसमोर प्लेसहोल्डर दिसेल, ती नुसती मधली पायरी आहे, खरा लॉगर अजून कोणी मागितलेला नाही.

नावातला डॉट म्हणजे नातं. युआरएललिब३ डॉट कनेक्शनपूल हे युआरएललिब३चं मूल. मुलाला स्वतःची लेव्हल नसेल तर आईबापाची लागू होते, म्हणून शक्यतो वरचंच नाव धरा, एका ओळीत अख्खं कुटुंब आवरतं.

तपासा: तुमच्याकडे आता कागदावर दोन-तीन नेमकी नावं आणि प्रत्येकासमोर लेव्हल असायला हवी. ती नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: आधी स्वतःचं घर आवरा

लायब्ररी बडबड करतात याचं मूळ कारण बहुतेक वेळा आपणच असतो. आपल्याला आपले डीबग मेसेज हवे असतात म्हणून आपण बेसिककॉन्फिगमध्ये लेव्हल डीबग करतो. पण ती लेव्हल रूटची आहे, आणि ज्या ज्या लायब्ररीने स्वतःची लेव्हल ठेवलेली नाही (आणि चांगल्या लायब्ररी ठेवतच नाहीत, ते बरोबरच आहे) त्या सगळ्या रूटला विचारतात, रूट म्हणतो डीबग, की सुरू झाल्या सगळ्या एकदम.

तर उलट करा. बेसिककॉन्फिगमध्ये लेव्हल वॉर्निंग ठेवा, आणि फक्त तुमच्या पॅकेजच्या लॉगरला डीबग द्या. समजा तुमच्या पॅकेजचं नाव "हिशोब" आहे, तर गेटलॉगरला हिशोब हे नाव देऊन त्याच्यावर सेटलेव्हल डीबग. बस. पॅकेजमधल्या प्रत्येक फाइलीत लॉगर मॉड्यूलच्या नावावरून घेतलेला असेल (दोन अंडरस्कोर, नेम, दोन अंडरस्कोर) तर सगळी पोरं हिशोबच्या खाली येतात. एवढ्यानेच बऱ्याच लोकांचं काम इथेच संपतं, पुढचे टप्पे लागतच नाहीत.

इथे प्रश्न येतो, रूटची लेव्हल वॉर्निंग असताना आपले डीबग मेसेज दिसतील कसे? दिसतात. मेसेज ज्या लॉगरवर जन्मला त्याचीच लेव्हल एकदा बघितली जाते. तिथून पास झाला की तो वर चढतो आणि वाटेतल्या सगळ्या हँडलरांकडे जातो, वरच्या लॉगरांची लेव्हल परत कोणी बघत नाही, फक्त हँडलरची स्वतःची लेव्हल बघितली जाते. हे वाक्य दोनदा वाचा, पायथनच्या लॉगिंगमध्ये लोक अडतात ते इथेच.

थांबा: जी फाइल तुम्ही थेट चालवता तिच्यात मॉड्यूलचं नाव हिशोब नसतं, ते मेन असतं, दोन्ही बाजूंना दोन अंडरस्कोर असलेलं. म्हणजे त्या एका फाइलीतला लॉगर तुमच्या कुटुंबात येत नाही आणि तिचे डीबग मेसेज गायब होतात. त्या फाइलीत लॉगरचं नाव हाताने "हिशोब डॉट मेन" असं काहीतरी द्या.

आणि हे सगळं एकाच जागी लिहा. एक सेटअपलॉगिंग नावाचं फंक्शन, प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एकदाच बोलावलेलं. पाच फाइलींत पाच ठिकाणी सेटलेव्हल विखुरलेलं कोड मी हातात घेतलंय, कुठली ओळ शेवटी जिंकते हे इम्पोर्टच्या क्रमावर ठरतं आणि एखाद्याने इम्पोर्ट वर्णानुक्रमे लावले की लॉग बदलतो.

## टप्पा ४: नेमक्या नावाची लेव्हल चढवा

रूट वॉर्निंगवर ठेवूनही काही उरलं, किंवा तुम्हाला रूट इन्फोवरच हवा आहे, तर आता त्या कागदावरच्या नावांवर या. गेटलॉगर, त्यात नाव, त्यावर सेटलेव्हल वॉर्निंग. लेव्हल शब्दात देणार असाल तर सगळी अक्षरं कॅपिटल, स्मॉलमध्ये दिलीत तर व्हॅल्यूएरर येते.

कधी करायचं? शक्यतो लायब्ररी इम्पोर्ट झाल्यावर. आधी केलं तरी चालतं, कारण त्या नावाचा लॉगर एकच असतो आणि तुमची लेव्हल त्याच्यावर टिकते, पण काही लायब्ररी इम्पोर्ट होताना स्वतः लेव्हल लावतात आणि तुमची पुसून टाकतात. नंतर केलं की शेवटचा शब्द तुमचा.

किती चढवायची हे मात्र नीट ठरवा. वॉर्निंगवर थांबा. एरर किंवा क्रिटिकलवर नेऊ नका, जोपर्यंत तो एक वॉर्निंग वाचून, समजून, नको असं तुम्ही ठरवलेलं नाही. हे मी अनुभवाने सांगतोय. एका कामात रात्री फाइली डाउनलोड करणारा जॉब होता, लॉग स्वच्छ दिसावा म्हणून मी युआरएललिब३ थेट क्रिटिकलवर नेला. काही आठवड्यांनी समोरचा सर्व्हर मधेच कनेक्शन तोडायला लागला, आम्ही रीट्राय (फसलं की आपोआप परत प्रयत्न) लावलेला होता त्यामुळे फाइली शेवटी येत होत्या, पण वीस मिनिटांचा जॉब दोन तास घेत होता आणि लॉगमध्ये एक ओळ नाही. रीट्राय होतोय हा मेसेज युआरएललिब३ वॉर्निंग लेव्हललाच देतो. तोच मी बंद केलेला. दोन दिवस डेटाबेसवर संशय घेऊन घालवले, टीममधल्या दोघांचे पण घालवले.

थांबा: लॉगिंग डॉट डिसेबल हे फंक्शन सगळ्या लॉगरांना एकदम लागू होतं, तुमच्यासुद्धा. आणि पायथन ३.७ पासून त्याला काही न देता बोलावलं तर ते क्रिटिकलपर्यंत सगळं बंद करतं. एका लायब्ररीसाठी हे वापरू नका. टेस्टमध्ये थोड्या वेळापुरतं ठीक, पण मग परत नॉटसेट देऊन उघडायला विसरू नका.

स्क्रीनवर कमी पण फाइलीत सगळं हवं असेल तर काम लॉगरच्या लेव्हलने होत नाही, हँडलरच्या लेव्हलने होतं. लॉगर डीबगवर, फाइलचा हँडलर डीबगवर, स्क्रीनचा हँडलर वॉर्निंगवर. पण बोटोकोरचं डीबग फाइलीत साठवायच्या आधी त्यात काय काय येतं ते उघडून बघा, रिक्वेस्ट-रिस्पॉन्सचा आतला मजकूर त्यात असतो, आणि तो मजकूर गुप्त असू शकतो. प्रॉडक्शनच्या फाइलीत तो जाता कामा नये.

लेव्हल एकच ठेवून एखादा विशिष्ट मेसेज तेवढा गाळायचा असेल तर फिल्टर लावा, पण तो हँडलरवर लावा. वरच्या लॉगरवर लावलेला फिल्टर खालून चढून आलेल्या मेसेजला लागूच होत नाही, तो फक्त त्याच लॉगरवर जन्मलेल्या मेसेजना बघतो. रूट लॉगरवर फिल्टर लावून वाट बघणारे बरेच आहेत.

## टप्पा ५: स्वतःचा हँडलर घेऊन आलेल्या लायब्ररी

काही लायब्ररी स्वतःचा हँडलर लावतात आणि मेसेज वर जाऊ देत नाहीत, म्हणजे प्रोपगेट फॉल्स. हगिंग फेसची ट्रान्सफॉर्मर्स लायब्ररी अशी आहे. तिथे तुमचा फॉरमॅट लागत नाही, रूटचे हँडलर लागत नाहीत. तिने स्वतःचीच सोय दिलीय ती वापरा, तिच्या लॉगिंग भागात सेट व्हर्बोसिटी एरर नावाचं फंक्शन आहे, वॉर्निंग आणि इन्फोचंही आहे, आणि इम्पोर्टच्या आधी लावायचा ट्रान्सफॉर्मर्स व्हर्बोसिटी हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलपण आहे. प्रोग्रेस बार बंद करायचं फंक्शन वेगळं आहे, व्हर्बोसिटी कमी केली म्हणून बार जात नाही.

डेटाबेससाठीच्या एसक्यूएलअल्केमीचं दुसरंच. इंजिन बनवताना एको इक्वल ट्रू दिलंत तर ती लेव्हल इन्फो करते आणि हँडलर नसेल तर लावूनही देते. मग तुम्ही नंतर बेसिककॉन्फिग केलंत की प्रत्येक क्वेरी दोनदा. दोन्हीतलं एकच निवडा, माझं मत विचाराल तर एको काढून टाका आणि एसक्यूएलअल्केमी डॉट इंजिन या नावाची लेव्हल हाताने ठेवा: इन्फोवर क्वेऱ्या दिसतात, डीबगवर डेटाबेसमधून परत आलेल्या ओळीही दिसतात, वॉर्निंगवर शांतता.

ओळी दोनदा येण्याचं कारण नेहमी हेच असतं, एक हँडलर खाली आणि एक वर, किंवा हँडलर जोडणारं फंक्शन दोनदा चाललं (नोटबुकचा सेल परत परत चालवला की प्रत्येक वेळी एक जास्तीची ओळ). त्यावर प्रोपगेट फॉल्स करणं हा उपाय लोक लगेच करतात, पण मग ते मेसेज तुमच्या फाइलीतही जाणार नाहीत आणि पायटेस्टच्या कॅपलॉगलाही (टेस्टमधले लॉग पकडणारी सोय) दिसणार नाहीत. जास्तीचा हँडलर काढणं हेच बरं.

तपासा: त्या लॉगरचं हँडलर्स आणि प्रोपगेट छापा, मग त्याच्या पेरेंटचं, असं रूटपर्यंत. प्रोपगेट फॉल्स भेटला तर तिथेच थांबा. वाटेत स्क्रीनवर लिहिणारे एकूण किती हँडलर भेटले तेवढ्या वेळा ओळ स्क्रीनवर येणार.

## टप्पा ६: लॉगिंगमधून न येणारं

वॉर्निंग्ज. इथे सेटलेव्हल चालणार नाही. फिल्टरवॉर्निंग्जला इग्नोर, कॅटेगरी आणि मेसेजची सुरुवात द्या, म्हणजे तेवढा एकच जातो. मॉड्यूलच्या नावाने गाळायला गेलात तर फसाल, कारण बऱ्याच लायब्ररी वॉर्निंगचा पत्ता मुद्दाम बोलावणाऱ्याचा देतात, म्हणजे मॉड्यूल तुमचं दिसतं. फ्यूचरवॉर्निंग दाबण्यापेक्षा एकदा वाचा, पुढच्या व्हर्जनला तुमचा कोड काय करणार ते त्यात लिहिलेलं असतं. सगळं एकाच लॉगमध्ये हवं असेल तर लॉगिंग डॉट कॅप्चरवॉर्निंग्ज ट्रू करा, मग वॉर्निंग्ज "पीवाय डॉट वॉर्निंग्ज" नावाच्या लॉगरमधून येतात.

प्रिंट आणि बार. आधी लायब्ररीचाच व्हर्बोज, क्वाएट, डिसेबल असा पॅरामीटर शोधा, बहुधा असतो. टीक्यूडीएम या प्रोग्रेस बारच्या लायब्ररीला डिसेबल आहे. काहीच नसेल तर प्रिंटसाठी कॉन्टेक्स्टलिबमधलं रीडायरेक्ट एसटीडीआउट, तेही फक्त त्या एका कॉलपुरतं विथ ब्लॉकमध्ये.

खालचा थर. टेन्सरफ्लोच्या सुरुवातीच्या ओळी सी प्लस प्लसमधून येतात. त्यासाठी टीएफ सीपीपी मिन लॉग लेव्हल हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, शब्दांमध्ये अंडरस्कोर, सगळं कॅपिटल. ० म्हणजे सगळं, १ ने इन्फो जातं, २ ने वॉर्निंगही जातं, ३ ने एररसुद्धा जाते. २ वर थांबा. आणि हा इम्पोर्टच्या आधीच लावायचा. इम्पोर्टनंतर लावणं म्हणजे वरातीमागून घोडं, ओळी छापून झालेल्या असतात. टप्पा ४ मध्ये मी इम्पोर्टनंतर म्हटलं आणि इथे आधी म्हणतोय, दोन्ही बरोबर आहे: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आधी, सेटलेव्हल नंतर.

स्पार्कचे मेसेज जावातून येतात, स्पार्ककॉन्टेक्स्टवर सेटलॉगलेव्हल वॉर्न द्या. कॉन्टेक्स्ट तयार होण्याआधीच्या काही ओळी तरीही येतील, त्या लॉगफोरजेच्या (जावाची लॉगिंग लायब्ररी) कॉन्फिग फाइलीतून जातात.

थांबा: अख्खं स्टँडर्ड एरर नल डिव्हाइसकडे वळवू नका. ट्रेसबॅक, म्हणजे एरर कुठे आली ते दाखवणारा मजकूर, त्याच रस्त्याने येतो.

## टप्पा ७: डिक्टकॉन्फिग वापरत असाल तर एक किल्ली

प्रोजेक्ट मोठा झाला की सगळं डिक्टकॉन्फिगमध्ये (अख्खं लॉगिंग एका डिक्शनरीवरून लावणारं फंक्शन) नेणं चांगलं, वर सांगितलेलं सगळं एका डिक्शनरीत बसतं. पण त्यात डिसेबल एक्झिस्टिंग लॉगर्स नावाची किल्ली आहे, आणि तुम्ही ती लिहिली नाहीत तर ती ट्रू असते. म्हणजे काय, तर डिक्टकॉन्फिग चालेपर्यंत जेवढे लॉगर बनलेले आहेत आणि ज्यांचं किंवा ज्यांच्या वरच्या कुणाचं नाव तुमच्या डिक्शनरीत नाही, ते सगळे पूर्ण बंद. लेव्हल वाढत नाही, बंदच होतात, क्रिटिकलसुद्धा येत नाही. फाइलीच्या वर इम्पोर्ट केलेल्या सगळ्या लायब्ररी यात सापडतात, सुक्याबरोबर ओलंही जळतं. आणि स्क्रीन छान शांत झाल्यामुळे आपल्याला वाटतं काम झालं! मला या लेखातली एकच गोष्ट तुमच्या लक्षात राहायला हवी असेल तर ती ही. किल्ली लिहा, तिला फॉल्स द्या, प्रत्येक वेळी. जुन्या फाइलकॉन्फिगमध्येही हेच आहे.

तपासा: कॉन्फिगनंतर एखाद्या लायब्ररीच्या लॉगरचा डिसेबल्ड ॲट्रिब्यूट छापा. ट्रू आला तर वरचंच झालंय.

## टप्पा ८: दुसऱ्या प्रोसेसमध्ये परत बडबड

विंडोजवर आणि पायथन ३.८ पासून मॅकवर मल्टिप्रोसेसिंग नवीन प्रोसेस कोरी सुरू करतं. तुमचं सेटअपलॉगिंग मेनच्या इफमध्ये असेल तर ते तिथे चालतच नाही. प्रोसेसांचा पूल बनवताना इनिशिअलायझर म्हणून तेच फंक्शन द्या, म्हणजे प्रत्येक प्रोसेसच्या सुरुवातीला ते चालतं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मात्र आपोआप पुढे जातात, त्यांची काळजी नको.

## टप्पा ९: गप्प झालं, पण नीट गप्प झालं का?

हा टप्पा कोणी करत नाही. पाच मिनिटं लागतात, करा.

१. कागदावरच्या प्रत्येक नावासाठी गेटइफेक्टिव्हलेव्हल छापा. जिथे वॉर्निंग ठेवलं तिथे ३० यायला हवं. मुलाचं नाव देऊन पण छापा, कनेक्शनपूलसारखं, तिथे १० आलं तर लायब्ररीने मुलाला स्वतःची लेव्हल दिलीय आणि तुम्हाला त्याला वेगळं पकडावं लागेल.

२. इझएनेबल्डफॉर एरर हे प्रत्येक नावाला ट्रू यायला हवं. डिसेबल्ड लॉगर इथे फॉल्स देऊन सापडतो (नव्या पायथनमध्ये).

३. मुद्दाम मोडा. नसलेल्या होस्टला रिक्वेस्ट मारा, रीट्राय लावून. रीट्रायचे वॉर्निंग दिसले पाहिजेत आणि शेवटचा ट्रेसबॅकही. दिसले नाहीत तर टप्पा ४ आणि ७ परत बघा.

४. सुरुवातीला साठवलेलं आउटपुट काढा आणि आत्ताच्याशी ताडा. गेलेल्या ओळींमध्ये वॉर्निंग किंवा त्याच्या वरची एकही असता कामा नये, असली तर ती तुम्ही जाणूनबुजून काढलेली असावी आणि कोडमध्ये शेजारी कमेंट असावी की का काढली.

आणि सेटअपलॉगिंगमध्ये लायब्ररींची लेव्हल थेट लिहू नका, एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून वाचा, नसेल तर वॉर्निंग धरा. एखाद्या रात्री सर्व्हरवर खरंच काहीतरी अडेल तेव्हा युआरएललिब३चं डीबग हवंच असतं, आणि त्या वेळी कोड बदलून परत डिप्लॉय करायला कोणाला वेळ नसतो. व्हेरिएबल बदला, प्रोसेस रीस्टार्ट करा, बघा, परत पूर्ववत करा.